त्र्याण्णव

अल्बम आला त्या दिवशी मी सावद्याच्या पॅकिंग हाउसात
केळीच्या फण्यांवर स्टिकर लावत होते.
हितूने सुरतेहून लिंक पाठवली:
चारही भाग एकत्र. ब्याण्णव तुकडे. ऐक.

मी तो गेम कधी खेळले नाही.
भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवायचे.
पाठीमागे हितू, स्टँडजवळच्या दुकानातून
चाळीस रुपयांत आणलेली सीडी,
आणि त्याचा तो एकटा खलाशी
बेटामागून बेटं पालथी घालणारा.

मे महिना. कूलरच्या घरघरीखालून
बासरी आली, म्हणजे बेट लागलं.
ढोल आला, म्हणजे हितू मरणार.
एकदा व्हायोलिन वर वर चढत गेलं नि मधेच तुटलं;
मी न वळता विचारलं, दोर कापला का?
तो म्हणाला, तुला कसं कळलं?

आई ओट्यावरून: बंद कर रे ते डबडं, डोये जातीन तुहे.
माझ्या डोळ्यांचा प्रश्न नव्हता.
माझं सगळं कानांवरच चाललेलं.

नावं माहीत नव्हती, म्हणून मीच ठेवलेली:
पाण्याचं.
दुकानदाराचं.
जिन्यावरचं.
हितू चिडलेला असतानाचं.
आता छापील नावं वाचते:
बुडालेलं बंदर. राखेचा दरवाजा. सातव्या नकाशाचं रहस्य.
असतील.
राखेचा दरवाजा लावला की मला मात्र
आमच्याच घराचा जिना दिसतो,
चुन्याचे पोपडे, पायरीवर वाळत घातलेल्या कुरडया.

आणि हे किती स्वच्छ!
पावलं नाहीत, तलवारी नाहीत,
अडकणाऱ्या स्पेसबारची टकटक नाही,
भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीने
तिसऱ्या मिनिटाला पाडलेला खड्डा नाही.

गेममध्ये धून संपत नसे.
हितू पाणी प्यायला उठला, खलाशी काठावर उभा राहिला,
की तेच ते अठ्ठेचाळीस सेकंद पुन्हा पुन्हा
कोणी हलेपर्यंत.
अल्बममध्ये ती दोनदा वाजते,
मग आवाज लहान लहान करत
बारा सेकंदांत बंद.
कोणी ठरवलं, दोनदा पुरे?

भारनियमन असं हळूहळू कधी नसायचं.
सव्वानऊला खटकन्.
शेवटच्या दारापाशी, सेव्ह न केलेलं.
अंधारात हितू काही बोलायचा नाही.
मी धून तिथूनच पुढे उचलायचे, नाकातून,
आणि तो मेलेल्या कीबोर्डवर बोटं चालवत राहायचा.
एका रात्री असाच आम्ही तिसरा भाग संपवला.
खरा शेवट त्याने पाहिला तो दिवाळीनंतर.
म्हणाला, तुझा बरा होता.

ब्याण्णव ऐकून झाले. आठवडा लागला.
एक नाहीये.

खेळ थांबवल्यावरची.
हितू जेवायला बसला, बाबांचा फोन आला,
शेजारचं कोणी विरजण मागायला आलं,
की पडद्यावर नुसता नांगर
आणि चार सुरांचं ते काहीतरी.
सगळ्यात जास्त मी तेच ऐकलंय.
करणाऱ्याला ती धून वाटलीच नसेल,
दार लोटून ठेवावं तसं ठेवून दिलं असेल.

आज जेवणाच्या सुट्टीत, क्रेटच्या थप्प्यांआड उभं राहून
मी ती मोबाईलवर गुणगुणले.
मागे हौदाचं पाणी, ट्रक रिव्हर्स घेतोय,
कलावतीबाईंची शिंक. सगळं आलंय तिच्यात.
नाव काय द्यावं कळेना.
'त्र्याण्णव' लिहून पाठवून दिली.

रात्री अकराला उत्तर:
दुसरा सूर चुकलाय.

नाही चुकला. चारदा म्हणून पाहिला.
मग त्यानेच म्हणून पाठवली, त्याच्याकडची.

त्याचा तर पहिलाच चुकलाय.